लेकीला न सांगायचं औषध

आमच्या घरी आवेवरचं एक औषध होतं. साधी आव असो की रक्ताची, बाबांनी दिलेली काळी पूड ताकातून घेतली की माणूस उठून बसायचा. पांढरकवड्यात आमचं घर हैदराबादच्या सडकेपासून जरा आत होतं. बाबा तहसिलीत कारकून. कचेरीत जायच्या आधी ते ओसरीवर बसायचे आणि आलेल्याला औषध द्यायचे. पावसाळ्यात तर ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची. सडकेवरचे ट्रकवाले यायचे, जंगलातले कोलाम यायचे, आणि ज्याचं स्वतःचं दुकान जडीबुटीनं भरलेलं होतं तो बाजारातला अत्तारसुद्धा पोट धरून आमच्याच ओसरीवर यायचा. बाबा पैसा घेत नसत. फार तर नारळ.

पूड मी खलायची आणि पुड्याही मीच बांधायची. हाताला घट्टे पडले होते. पण ती पूड कशाची, हे मला माहीत नव्हतं. बाबा जंगलातून साल आणायचे, दार लावून घ्यायचे, मातीच्या तव्यावर ती काळी ठिक्कर भाजायचे आणि मगच माझ्यासमोर ठेवायचे. कोळसा झालेल्या सालीवरून झाड कोण ओळखणार?

"बाबा, कोणतं झाड हाये हे?" मी विचारायची.

"तुले कायले पाह्यजे? लग्न करून जाशीन अन् औषधही संगं नेशीन."

रीतच तशी होती. औषध घरच्या सुनेला द्यायचं, लेकीला नाही. लेक म्हणजे परक्याचं धन. माझ्या आजीनं ते माझ्या आईला दिलं होतं. आई मी लहान असतानाच गेली. जाताना तिच्याजवळ मी बसले होते, पण तिनं मला बाहेर पाठवलं आणि बाबांना जवळ बोलावलं. ठेव म्हणून ते त्यांच्यापाशी ठेवलं, दादाची बायको येईपर्यंत. जी बाई अजून घरात आली नव्हती, जिचं तोंड आईनं पाहिलं नव्हतं, तिच्यासाठी! आईचा मला राग आला असं म्हणवत नाही. पण आला होता.

छप्पन साली आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला आणि आमच्या घरात वहिनी आली. पहिल्या गोष्टीनं आमचं काही बिघडलं नाही. दुसरीनं माझं बिघडलं. वहिनी दारव्ह्याकडची, चौथी पास. दिसायला बरी. बरी असं मी म्हणते, बाकीचे सुंदर म्हणायचे. हाताला चव होती, आवाज गोड होता, आणि बाबांना ती 'मामाजी' अशी हाक मारायची की ते कचेरीतून आल्या आल्या खोकायचे, म्हणजे तिला कळावं. मी हाक मारली की मात्र "काय पाह्यजे?"

अक्षय तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी बाबा तिला टेकडीकडे घेऊन गेले. झाडाला आदल्या दिवशी आमंत्रण द्यावं लागतं. हळद-कुंकू वाहायचं, अक्षता ठेवायच्या, उद्या आमच्या घरी चल म्हणायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेले. साल काढल्यापासून घरी येऊन आंघोळ होईस्तोवर बोलायचं नाही, बोललं तर गुण जातो. मी चूल पेटवत बसले होते. वहिनी पिशवी घेऊन दारातून आत आली आणि मी तिला मुद्दाम विचारलं, "वहिनी, पाणी तापवू का? डाळीत मीठ टाकलं का तुम्ही? दादा कुठं गेलता?" ती नुसती हसली. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फुंकणी उचलून चुलीत तोंड खुपसलं.

त्या दिवसापासून खलही गेला. "आता ते तिचं काम," बाबा म्हणाले. आणि ओसरीवर लोक काय म्हणायला लागले? "सूनबाईच्या हाताले गुण हाये बाप्पा!" हाताला गुण! मग इतकी वर्षं मी काय शेण खलत होते? तीच साल, तोच तवा, तोच खल. माझ्या हाताला कोणी कधी गुण म्हटला नव्हता. माझ्या हाताला घट्टेच म्हटले होते.

मी शिकले ती या जळफळाटावरच. लोक सांगतात विद्येची ओढ होती वगैरे. मला ओढ नव्हती, मला आग होती. नागपूरला मावशीकडे राहून बी.एस्सी. झाले, रसायन घेऊन. यवतमाळचे एक मास्तर नवरा म्हणून मिळाले, आणि तिथल्याच कॉलेजात प्रयोगशाळेत मुलांना प्रयोग दाखवायची नोकरी लागली. बाबा लग्नात रडले. वहिनी त्यांच्याहून जास्त रडली आणि तिथंही सगळ्यांचं लक्ष तिच्याचकडे गेलं.

कॉलेजात रसायनाचे एक सर होते. त्यांना गावठी औषधांचा नाद होता. वैदूनं दिलेला पाला नेमका कशानं काम करतो, ते त्यांना शोधायचं होतं. पाला किंवा साल कुटायची, स्पिरिटमध्ये भिजत ठेवायची, गाळायची, स्पिरिट तापवून उडवायचं, आणि खाली जो चिकट अर्क उरतो त्यात काय काय आहे ते एक एक करून वेगळं काढायचं. एका रसायनाचा थेंब टाकला की काही अर्कांत नारिंगी साका बसायचा. ती कामाचा पदार्थ सापडल्याची खूण. तो बसला की सर चष्मा वर करायचे. "गुण झाडात नसतो," ते म्हणायचे, "झाडातल्या एखाद्या पदार्थात असतो. तो शुद्ध काढला, माप ठरवलं, की झाली गोळी. मग ती कुणीही कुणालाही द्यावी."

कुणीही कुणालाही! हे वाक्य मला इतकं आवडलं की मी घरी जाऊन नवऱ्याला ऐकवलं. हाताला गुण म्हणे! तो गुण मी बाटलीत काढून दाखवणार होते, झाकण लावून, वर चिठ्ठी डकवून. मी सरांना आमच्या घरच्या औषधाचं सांगितलं. ते उठलेच. पुढच्या रविवारी आम्ही एसटीनं पांढरकवड्याला गेलो.

बाबांनी सरांना पाट दिला, चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माह्याजवळ काहीच नाही साहेब. दिलं की गेलं. आता ते सुनेचं हाये, तिले विचारा."

सरांनी दाराकडे पाहिलं. वहिनी दाराआड उभी होती. ती म्हणाली, "मामाजी हो म्हणत असतीन तर मी देईन. आजारी माणसाच्याच कामी येईन ते. पण लेकीसमोर नाही सांगणार."

लेक तिथंच बसली होती, सरांच्या शेजारी. सर हसले, त्यांना वाटलं थट्टा आहे. थट्टा नाही हे मला ठाऊक होतं.

झाडाला फुलं आली की साल, पानं आणि फुलं घेऊन ती यवतमाळला येईल असं ठरलं. वैशाखात आली, बाबांसोबत. प्रयोगशाळेच्या दारात चपला काढून, गाठोडं पोटाशी धरून आत शिरली. सरांनी आपली खुर्ची पुढं केली. "बसा वहिनी, बसा." मी तिथं नोकरीला लागले तेव्हापासून लाकडी स्टुलावर बसत होते. त्या खुर्चीला पाठ होती, हात होते, वर गादी होती. वहिनी तिच्यावर टेकली, इकडेतिकडे बाटल्या पाहिल्या आणि मला म्हणाली, "ताई, तुम्ही थोडं भाईर जा न."

माझ्या प्रयोगशाळेतून! मी सरांकडे पाहिलं. ते आता तरी हिला दोन शब्द ऐकवतील, म्हणतील की ह्या आमच्या सहायक आहेत, ह्यांच्यामुळेच तुम्ही इथं आलात. सरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "जरा थांबता का बाहेर?"

मी व्हरांड्यात उभी राहिले. दार लागलं. आतून वहिनीचा आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. शिपाई तिकडून आला, म्हणाला, "बाई, काहून उभ्या इथं?"

"हवा खाऊन राह्यले," मी म्हटलं. वैशाखातली यवतमाळची दुपार, वर पत्रे. तो बिचारा वर पत्र्यांकडे पाहत गेला.

सरांनी शब्द पाळला. गाठोडं कपाटात कुलूपबंद झालं. पण अर्क काढायला हात माझेच लागणार होते. चार दिवसांनी त्यांनी माझ्यापुढं सालीचे तुकडे ठेवले, "हा नमुना" एवढंच म्हणाले. साल कच्ची होती, भाजलेली नव्हती. बाहेरून मळकट, आतून पिवळसर. मी दाराकडे पाहिलं आणि एक तुकडा जिभेवर ठेवला. कडू जहर! हे कडू मला ओळखीचं होतं.

कुडा! आमच्या टेकडीवरचा कुडा. ज्याच्या फुलांची भाजी वहिनी दर वर्षी करते आणि मी दोनदा वाढून घेते, तो कुडा. आवेला कुड्याची साल चालते हे कुठल्याही गुराख्याला विचारलं तरी सांगेल. ह्याच्यासाठी आईनं मला मरताना बाहेर पाठवलं? ह्याच्यासाठी मी व्हरांड्यात उभी राहिले?

मी तडक सरांकडे गेले. "सर, हा कुडा आहे."

"मी काहीच बोललेलो नाही," सर घाईनं म्हणाले. मग चष्मा पुसत म्हणाले, "कुड्यावर पुष्कळ काम झालेलं आहे. जुन्या ग्रंथांतही आहे तो. बाजारात गोळ्याही मिळतात त्याच्या. पण तुमच्या घरी ती भाजून घेतात, त्यानं काय फरक पडतो ते बघू."

बाजारात गोळ्या! आमच्या घरातून निघून सडकेवरच्या औषधाच्या दुकानात गेलं की काचेच्या कपाटात ते औषध ठेवलेलं होतं. दुकानदार लेक की सून विचारत नव्हता. मला वाटलं, आता तरी हे जळणं थांबेल. ज्याच्यासाठी जळत होते ते इतकं साधं निघालं, अजून काय पाहिजे? पण थांबलं नाही. उलट वाढलं. मला झाड नकोच होतं. बाबांनी एकदा मला टेकडीवर न्यावं आणि सांगावं, एवढंच पाहिजे होतं, मग ते बाभळीचं नाव का सांगेनात. नारिंगी साका बसला तेव्हा सरांनी चष्मा वर केला आणि मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

श्रावणात दादाचा निरोप आला. बाबांनाच आव लागली होती, रक्ताची. गावात साथच होती. मी डॉक्टरांना विचारून त्या कुड्याच्या गोळ्या घेतल्या आणि पहिल्या गाडीनं निघाले.

बाबा बाजेवर होते. गाल आत गेले होते, हात उचलवत नव्हता. मी पाण्याचा पेला आणि गोळी पुढं केली. त्यांनी तोंड फिरवलं.

"लेकीच्या घरचं पाणी पेत नाही मी. गोळी कशी घेऊ?"

मला तोवर मूल झालं नव्हतं. लेकीला मूल होईस्तोवर आई-बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही आमच्याकडली रीत. बाबा यवतमाळला आले की माझ्या दारात उभे राहून बोलायचे आणि तहान लागली की स्टँडवरच्या हॉटेलात जायचे. मी म्हटलं, "बाबा, हे कंपनीचं औषध हाये, माह्या घरचं नाही."

"आणलं कोणं? तूच न? माह्या घरात औषध नाही काय? सुनेले म्हण, पूड दे."

पुन्हा सूनच! आता तर मरणाच्या दारातही सूनच! मी पाय आपटत स्वयंपाकघरात गेले. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. समोर औषधाचा डबा उघडा, आणि आत काही नाही.

"सारी साल तुमच्या सरांले देल्ली," ती म्हणाली. "मूठभर ठेवली होती, ते गावातल्या लोकांतच सरली. आणखी आणू म्हटलं तर मृग लागला होता. मामाजीले तर नुसतं ताक पाजून राह्यली मी. त्याहिले सांगितलं नाही."

"सारी कायले द्यायची?"

"त्याहिनं म्हटलं, असन तेवढी द्या. एवढा शिकलेला माणूस हात जोडून मागते, नाही कसं म्हणू?"

मृग लागला की दसऱ्यापर्यंत त्या सालीला हात लावायचा नाही, ही झाडाची रीत. ओल्या दिवसांतल्या सालीत गुण नसतो म्हणतात. म्हणजे दसऱ्यापर्यंत सुनेच्या हातात काही नव्हतं. मला आनंद झाला. खरंच झाला, एक क्षणभर का होईना. मग आतून बाबांचं कण्हणं ऐकू आलं आणि मी रिकाम्या डब्याचं झाकण लावून टाकलं.

वहिनीनं डोळे पुसले. तिची नजर माझ्या हातातल्या गोळ्यांवर गेली. "कशाच्या हायत ह्या?"

मी तिच्याकडे नीट पाहून घेतलं. ही संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. "तुमच्याच झाडाच्या."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "कोणं सांगितलं तुमाले?"

"कोणी नाही. जिभेनं सांगितलं."

नाव तिनंही घेतलं नाही, मीही नाही. वहिनी पदर खोचून उठली, खल पुढं ओढला आणि माझ्यापुढं हात पसरला. मला कळलं ती काय करणार ते. मी म्हटलं, "द्या इकडं, मी खलते. गोळ्या माह्या हायत."

"नाही ताई. मामाजी आवाज वळखतात. माहा खल वेगळा वाजते."

आपल्याच गोळ्या मी तिच्या हातावर ठेवल्या. तिनं त्या खलल्या, रंगासाठी चुलीतल्या कोळशाची चिमूट घातली, ताकात कालवलं आणि घेऊन गेली. बाबांनी डोळे मिटूनच तिच्या हातून पेला घेतला, एक घोट घेतला, थांबले, आणि मग सगळं पिऊन टाकलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

बाबा उठले. हळूहळू पेज घ्यायला लागले, मग ओसरीवर येऊन बसायला लागले. गल्लीतली माणसं पाहायला आली. "पाहा," बाबा त्यांना म्हणाले, "माह्या लेकीनं शहरातून गोळ्या आणल्या होत्या. पण शेवटी सुनेच्या हातालेच गुण आला." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या अत्तारानं तर माझ्याकडे पाहून 'चलता है बेटी' असा हात केला. वहिनीनं तोंड उघडलं, "मामाजी, ते..." मी डोळे वटारले. हा माझा चांगुलपणा नव्हता, कोणी गैरसमज करून घेऊ नये. बाबांना कळलं असतं तर त्यांनी प्रायश्चित्त म्हणून उपास धरला असता, आणि त्या अंगानं उपास धरून काही झालं असतं तर खापर माझ्याच डोक्यावर फुटलं असतं. पण आतून माझा नुसता धूर निघत होता. एवढं करून, बापाला हातानं ओढून परत आणून, नाव कोणाचं? सुनेचं!

निघायच्या दिवशी मी बाबांच्या पाया पडले. दादा पिशवी घेऊन पुढं स्टँडकडे गेला होता. "सूनबाई," बाबांनी आत हाक दिली, "इच्या हातावर दही ठेव." वहिनी आत वळली. बाबांनी तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत वाट पाहिली. मग माझ्याकडे न बघता बोलले.

"भाजलेली साल दाताखाली कुरकुरते. ते कुरकुरलं नाही."

माझे हात त्यांच्या पायांवरच राहिले.

"पयल्याच घोटाले समजलं मले. जन्म गेला माहा त्यात."

"मग थुकून काहून नाही टाकलं?"

बाबांनी सडकेकडे पाहिलं. एक ट्रक गेला, धूळ आमच्या दारापर्यंत आली. "तू आणलं होतं न," ते म्हणाले. "पेलो मी तुह्या घरचं. कोणाले सांगू नको पोरी." मग त्यांनी एकदा आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "सुनेलेही नाही."

वहिनी दह्याची वाटी घेऊन आली. माझा चेहरा पाहून तिला काहीतरी वाटलं असावं. "काय म्हणत होते मामाजी?" तिनं विचारलं.

"ते तुमाले सांगायचं नाही," मी म्हटलं, आणि दह्यासाठी हात पुढं केला.